कपाटातला २०१२ चा नेक्सस ७ पुन्हा कामाला लावायचा तर

गूगलसाठी आसूसने बनवलेला सात इंची नेक्सस ७ जून २०१२ मध्ये जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी भारतात विकायला आला. नेक्सस मालिकेतला हा पहिला टॅबलेट. त्यावर अँड्रॉइडची मुक्त-स्रोत आवृत्ती कंपनीच्या वाढीव सजावटीशिवाय चालत होती आणि बूटलोडरचे, म्हणजे टॅबलेट चालू करताना सर्वांत आधी सुरू होणाऱ्या छोट्या प्रणालीचे, कुलूप काढायची मुभा अधिकृतपणे दिलेली होती. अधिकृत अद्यतने अँड्रॉइड ५.१.१ वर थांबली. तोवर अनेकांचा टॅबलेट इतका रेंगाळू लागला होता की तो बंद करून कपाटात ठेवला गेला. तो अजूनही कामाला येतो, पण आधी त्याला नेमके एक काम ठरवून द्यावे लागते. उत्सवी नाटकात विंगेत बसणाऱ्या प्रॉम्प्टरला संहिता, चवथीच्या आरत्या, भजनी सप्ताहासाठी अभंग किंवा घाटातला नकाशा यांपैकी एखादे काम तो चोख करेल. बँकेचे व्यवहार, यूपीआय आणि नवी समाजमाध्यमे त्यावर चालवायचा प्रयत्न करू नका. सुरक्षेची अद्यतने थांबलेल्या यंत्रावर पैशाचे व्यवहार करणे धोक्याचे आहे.

या लेखातल्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या.

आधी ओळख पटवा

नेक्सस ७ नावाचे दोन वेगळे टॅबलेट आहेत. २०१२ च्या टॅबलेटला मागे कॅमेरा नाही, पाठ ठिपक्याठिपक्यांची आणि रबरासारखी मऊ आहे. २०१३ च्या टॅबलेटला मागे कॅमेरा आहे आणि पाठ सपाट आहे. इथली सगळी माहिती २०१२ च्या टॅबलेटची आहे. त्यातही दोन प्रकार आहेत. फक्त वायफायवाल्याचे सांकेतिक नाव ‘ग्रूपर’, सिमकार्ड घेणाऱ्याचे ‘टिलापिया’. फाइल उतरवताना हे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. २०१३ च्या ‘फ्लो’ची फाइल चुकून ग्रूपरवर टाकायला गेलात तर रिकव्हरी (नवी प्रणाली चढवण्यासाठीची वेगळी छोटी प्रणाली) बहुधा ‘एरर ७’ दाखवून थांबते. ती तपासणी तुमच्या भल्यासाठीच आहे, ती काढून टाकण्याच्या युक्त्या वापरू नका.

आत काय आहे हे माहीत असले तर अपेक्षा बेताच्या राहतात. एनव्हिडियाचा चार गाभ्यांचा टेग्रा ३ प्रोसेसर, १ जीबी रॅम, ८, १६ किंवा ३२ जीबी साठवण, १२८० × ८०० चा पडदा, ४३२५ एमएएचची बॅटरी. मेमरी कार्डाची खाच नाही. जीपीएस मात्र वायफायवाल्या प्रकारातही आहे, आणि त्याचा गोव्यात चांगला उपयोग होतो. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे. घरच्या नव्या राउटरचे ५ गिगाहर्ट्‌झचे नाव टॅबलेटला दिसतच नाही आणि नवशिक्याला वाटते वायफाय बिघडले. राउटरमध्ये २.४ चा पट्टा सुरू करा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा.

बंद पडून राहिलेला टॅबलेट उठवणे

कित्येक वर्षे कपाटात राहिलेली बॅटरी पूर्ण उतरलेली असते. चार्जर लावल्यावर काहीच दिसले नाही म्हणून टॅबलेट मेला असे समजू नका. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर आणि धड केबल लावून तो चार-पाच तास तसाच राहू द्या. संगणकाच्या यूएसबीला लावून हे होत नाही, कारण तिथून साधारण अर्धा अँपिअरच मिळतो. मग पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. तरीही हलला नाही तर चार्जर लावलेला ठेवूनच आवाज कमी करायचे बटण आणि पॉवर एकत्र दाबा. बूटलोडरचा पडदा आला तर आवाजाच्या बटणांनी ‘पॉवर ऑफ’वर जाऊन तो निवडा आणि पुन्हा चार्जिंगला ठेवा.

एवढे करूनही पडदा काळाच राहिला तर बॅटरीचा जोड सैल झालेला असू शकतो. या मॉडेलमध्ये, विशेषतः टॅबलेट कधी पडला असेल तर, हा दोष नेहमीचा आहे. पाठीमागचे झाकण स्क्रूने नाही, नुसत्या खाचांनी बसवलेले आहे. गिटार वाजवायची प्लास्टिकची चकती किंवा तसेच पातळ प्लास्टिक चंदेरी कड आणि झाकण यांच्या मधल्या फटीत घालून कडेने फिरवत न्या, खाचा एकेक करून सुटतात. स्टीलची पट्टी वापरू नका, ती आत शिरली तर बॅटरीला भोक पडते. झाकण निघाले की बॅटरीच्या तारांचा जोड हलक्या हाताने काढून पुन्हा नीट बसवा. बॅटरी फुगलेली दिसली, झाकण वर आलेले असले किंवा पडद्यावर आतून दाबल्यासारखा पांढरा डाग असला, तर चार्जिंग तिथेच थांबवा. बदली बॅटरी घेताना क्रमांक पाहा: वायफायवाल्याला सी११-एमई३७०टी. सिमवाल्याची वेगळी आहे. पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे हे काम देणार असाल तर हा क्रमांक कागदावर लिहून न्या.

किनाऱ्यालगतच्या घरांत आणखी एक गोष्ट होते. खाऱ्या दमट हवेने मायक्रो यूएसबीच्या पितळी जिभांवर हिरवट थर चढतो. मग चार्जिंग होते, पण संगणकाला टॅबलेट दिसत नाही, किंवा केबल एका कोनात धरली तरच चालते. टॅबलेट बंद करून, मऊ ब्रशला जरासे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आतला थर साफ करा आणि तासभर वाळू द्या. टाचणी घालू नका, जिभा वाकतात.

मंदपणा कुठून येतो

हा मुद्दा समजला की पुढच्या पायऱ्यांचा अर्थ लागतो. नेक्सस ७ रेंगाळतो तो मुख्यतः आतल्या साठवणीच्या चिपमुळे. तिच्यावर लिहायचा वेग मुळातच कमी आहे, आणि जागा भरत आली की तो आणखी घसरतो, कारण नवे लिहिण्याआधी जुने खण पुसावे लागतात. कुठले खण रिकामे झाले हे चिपला कळवण्याची सोय, म्हणजे ट्रिम, अँड्रॉइडमध्ये ४.३ पासून आली. टॅबलेट रात्री चार्जिंगला आणि पडदा बंद असताना ते काम आपसूक होते. म्हणून तीन नियम: निदान ३ जीबी जागा कायम मोकळी ठेवा, ८ जीबीच्या टॅबलेटवर चित्रपट भरू नका, आणि मागे सतत काहीतरी लिहिणारी अॅप्स, विशेषतः गूगलच्या सेवा, शक्यतो ठेवूच नका. रॅम कमी असणे हे दुसरे कारण, पण ते नंतरचे.

कुलूप काढणे

कुलूप काढताना टॅबलेटमधले सगळे पुसले जाते, फोटोंसकट. त्यामुळे आधी संगणकावर नक्कल काढा. नक्कल काढल्यावर दोन-चार फोटो संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहा. बॅटरी निदान ६० टक्के असू द्या. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून टेबलावरच्या संगणकापेक्षा बॅटरीवर चालणारा लॅपटॉप घ्या.

संगणकावर एडीबी आणि फास्टबूट ही टॅबलेटला आज्ञा देणारी दोन साधने लागतात. डेबियन किंवा उबुंटूत ती तयार पॅकेज म्हणून मिळतात, विंडोजवर गूगलची ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ आणि यूएसबी ड्रायव्हर घ्यावा लागतो. टॅबलेट पूर्ण बंद करा, आवाज कमीचे बटण धरून ठेवा आणि पॉवर दाबा. पाठीवर पडलेला अँड्रॉइड आणि ‘स्टार्ट’ लिहिलेला बाण दिसेल. खाली बूटलोडरची आवृत्ती आणि कुलपाची स्थिती लिहिलेली असते, ती टिपून ठेवा. केबल जोडून संगणकावर ‘फास्टबूट डिव्हायसेस’ लिहा. एक क्रमांक आला पाहिजे. न आल्यास क्रमाने तपासा: केबल फक्त चार्जिंगची आहे का (बाजारातल्या स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतात), यूएसबीचे दुसरे भोक, विंडोजवर ड्रायव्हर, लिनक्सवर परवानगी, म्हणजे तीच आज्ञा ‘सुडो’ लावून.

क्रमांक आला की ‘फास्टबूट ओईएम अनलॉक’. टॅबलेट हो की नाही विचारतो, आवाजाच्या बटणाने ‘येस’ निवडून पॉवर दाबा. यानंतर सुरू होताना गूगलच्या नावाखाली उघडे कुलूप दिसेल, ते तसेच राहते आणि त्याने काही बिघडत नाही.

रिकव्हरी आणि क्रम

आता टीडब्ल्यूआरपी या रिकव्हरीची ग्रूपरसाठीची फाइल उतरवा. फाइलबरोबर दिलेली बेरीज, म्हणजे चेकसम, जुळवून पाहा. इंटरनेट मध्येच तुटले की फाइल अर्धवट येते आणि ते वरवर कळत नाही. मग ‘फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी’ आणि पुढे फाइलचे नाव. झाले की टॅबलेट नेहमीसारखा सुरू होऊ देऊ नका. मूळ अँड्रॉइड सुरू होताना स्वतःची रिकव्हरी परत लिहितो आणि तुमची पुसली जाते. बूटलोडरच्याच पडद्यावर आवाजाच्या बटणांनी ‘रिकव्हरी मोड’ निवडून थेट आत जा. जुन्या बूटलोडरवर केबल संगणकाला जोडलेली नसेल तर इथे टॅबलेट गूगलच्या नावावर अडकून राहतो. केबल काढू नका म्हणजे झाले.

पुढच्या पायऱ्यांचा क्रम चुकला की नवशिक्याचा अर्धा दिवस जातो. डेटाच्या भागाची मांडणी (फाइल सिस्टिम) एफ२एफएस करायची असते, कारण ती फ्लॅश साठवणीसाठीच बनवलेली आहे आणि या मंद चिपवर फरक जाणवतो. पण मांडणी बदलली की त्या भागातले सगळे पुसले जाते, तुम्ही आधी कॉपी केलेली रॉमची, म्हणजे चढवायच्या नव्या अँड्रॉइडची, फाइलसुद्धा. म्हणून आधी ‘वाइप’मध्ये ‘अॅडव्हान्स्ड वाइप’, तिथे ‘डेटा’ निवडून ‘चेंज फाइल सिस्टिम’, त्यात ‘एफ२एफएस’. तेच ‘कॅश’साठी. मग सिस्टिम आणि डाल्विक (अॅप्सची तात्पुरती साठवण) पुसा. रॉमची फाइल या सगळ्यानंतर केबलने टॅबलेटवर कॉपी करा आणि ‘इन्स्टॉल’ करा. निवडलेल्या रॉमचा लिनक्स गाभा (कर्नल) एफ२एफएस ओळखतो की नाही हे आधी तिच्या माहितीत वाचा. ओळखत नसेल तर टॅबलेट सुरूच होणार नाही, मग डेटा पुन्हा ईएक्सटी४ करावा लागतो.

पहिल्यांदा सुरू व्हायला दहा ते पंधरा मिनिटे लागू शकतात आणि टॅबलेट गरम होतो. अर्धा तास उलटेपर्यंत हात लावू नका.

कुठला अँड्रॉइड घ्यावा

फक्त पुस्तक वाचायचे आणि गाणी ऐकायची तर ४.४.४ हलका आहे. पण मराठी माणसाला ५.० चे मोल वेगळे: २०१४ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून अँड्रॉइडचे मेनू मराठीत करता येतात. आमचा सल्ला मात्र ७.१ वर बेतलेल्या रॉमचा. कारण संकेतस्थळाची खरी ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांचे आहे. असंख्य संकेतस्थळांना ‘लेट्‌स एन्क्रिप्ट’ची प्रमाणपत्रे असतात, आणि त्यांचे नवे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पासून पुढेच ओळखले जाते. त्याआधीच्या अँड्रॉइडवर संकेतस्थळ उघडताना ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येत राहतो. हाच इशारा बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेली असेल तरीही येतो, तेव्हा आधी तारीख पाहा.

सिस्टिमचा भाग जेमतेम ६५० एमबीचा आहे. त्यात गूगलच्या अॅप्सची मोठी गठडी घालायला गेलात तर ‘एरर ७०’ येते, म्हणजे जागा पुरली नाही. प्ले स्टोअर नकोच. एफ-ड्रॉइड या अॅप-भांडारावरून मुक्त-स्रोत अॅप्स घ्या. एखाद्या अॅपची नवी आवृत्ती चालली नाही तर तिथेच खाली जुन्या आवृत्त्या आणि त्यांना लागणारा अँड्रॉइड दिलेला असतो.

हा टॅबलेट पूर्णपणे मुक्त नाही, हेही सांगायला हवे. पडदा, चित्रफीत आणि वायफाय यांचे काही भाग बंदिस्त आहेत आणि ते ३.१ या जुन्या लिनक्स गाभ्याला बांधलेले आहेत. नवनवे अँड्रॉइड त्यावर सहज चढत नाहीत ते याचमुळे.

अडले तर

सुरू होताना अँड्रॉइडची आकृती फिरतच राहिली तर रिकव्हरीत जाऊन डेटा आणि कॅश पुन्हा पुसा. तरी तेच झाले तर मूळ फॅक्टरी पॅकेज टाका, वायफायवाल्याचे नाव ‘नाकासी’, सिमवाल्याचे ‘नाकासिग’. काही पॅकेजांतली बूटलोडरची फाइल टॅबलेट ‘इनव्हॅलिड स्टेट’ म्हणून नाकारतो. घाबरू नका, जुना बूटलोडर जागेवरच असतो. तुमची आवृत्ती ४.२३ असेल तर बूटलोडर टाकायची गरजच नाही, त्या ओळी गाळून पुढे जा.

एक आज्ञा कधीही द्यायची नाही: बूटलोडर पुसण्याची. ती दिली की पडदा कायमचा काळा होतो आणि संगणकाला टॅबलेट फक्त ‘एपीएक्स’ या नावाने दिसतो. तिथून परत येणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. टॅबलेट धड असतानाही आवाज वाढवायचे बटण आणि पॉवर एकत्र दाबली गेली तर हाच प्रकार होतो. तेव्हा आधी पॉवर अर्धा मिनिट दाबून पाहा, बहुतेक वेळा तेवढेच पुरते.

विंगेत आणि घाटात

नाटकाची संहिता किंवा आरत्या वाचायला केओरीडर हे अॅप उत्तम. पडद्याची मापे साधारण १५१ × ९४ मिलिमीटर आहेत, म्हणजे ए६ कागदाला अगदी जवळची. ए४ आकाराची पीडीएफ यावर मुंगीसारखी दिसते. संगणकावर पानाचा आकार ए६, समास ५ मिलिमीटर आणि अक्षर १४ पॉइंट ठेवून नवी पीडीएफ काढा, विंगेच्या अंधुक उजेडात ती हातभर अंतरावरून वाचता येते. संहिता डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केली असेल तर तिची वर्ड फाइल टॅबलेटवर अगम्य रोमन चिन्हांची दिसेल. फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथेच पीडीएफ करून घ्या, फॉन्ट तिच्यातच बांधला जातो. युनिकोड मजकूर असेल तर ईपब करा आणि आवडीचा देवनागरी फॉन्ट केओरीडरच्या ‘फॉन्ट्स’ कप्प्यात टाका.

प्रयोगाआधी विमान मोड लावा, रात्रीचा काळा पडदा निवडा म्हणजे प्रेक्षकांना विंगेतून उजेड दिसत नाही, आणि पडदा बंद होण्याची वेळ ३० मिनिटे करा. पहिल्या अंकातच पडदा विझला तर नटाची अडचण होते. लांब प्रयोगाला पॉवर बँक जोडलेली असू द्या.

नकाशासाठी ऑसमँड. एफ-ड्रॉइडवरच्या आवृत्तीत कितीही नकाशे उतरवता येतात. गोव्याचा नकाशा राज्याच्या हद्दीवर संपतो, त्यामुळे चोर्ला किंवा अनमोड घाटाने बेळगावच्या वाटेला लागायचे तर कर्नाटकचाही उतरवा, पत्रादेवीच्या पुढे सावंतवाडीकडे जायचे तर महाराष्ट्राचा. फार दिवस बंद असलेल्या जीपीएसला इंटरनेटशिवाय जागा सापडायला वेळ लागतो. उपग्रहांची पूर्ण सारणी आकाशातून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात. घाटातल्या गर्द झाडीखाली ते जमत नाही, म्हणून निघण्याआधी अंगणात मोकळ्या आकाशाखाली पंधरा मिनिटे ठेवा.

जास्तीची गाणी पेन ड्राइव्हवर ठेवायची तर ओटीजी केबल चालते. मूळ अँड्रॉइड पेन ड्राइव्ह आपणहून उघडत नाही, नव्या रॉममध्ये बहुधा उघडतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मांडणीचा असावा.

अँड्रॉइडच नको असेल तर

पोस्टमार्केटओएस ही पूर्ण लिनक्स प्रणाली ग्रूपरवर चालते, तीही नव्या गाभ्यासह. लिनक्स संगणकावर ‘पीएमबूटस्ट्रॅप इनिट’ चालवून निर्माता आसूस, यंत्र ग्रूपर निवडायचे. मुखवटा (पडद्यावरची मांडणी) विचारला की एक्सएफसीई घ्या. टेग्रा ३ च्या चित्र-प्रोसेसरला मुक्त ड्रायव्हरचे धड पाठबळ नसल्याने सगळे चित्र मुख्य प्रोसेसर काढतो, आणि फोनसारखे देखणे मुखवटे त्यावर फार अडखळतात. मराठीसाठी नोटो देवनागरी फॉन्टचे पॅकेज वेगळे टाकावे लागते, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. लिनक्स शिकायला हे छान आहे. विंगेत न्यायला अँड्रॉइडच बरा.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर टॅबलेट भिंतीच्या कपाटात ठेवू नका, तिथे ओल सर्वांत जास्त असते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांबरोबर ठेवा, बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून पूर्ण बंद करा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून तेवढीच भरा. भिजला तर तांदळात पुरू नका, तांदळाचा भुगा पोर्टात जाऊन बसतो. बंद करून झाकण काढा, बॅटरीचा जोड सोडवा आणि पंख्याखाली दोन दिवस उघडा ठेवा. गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढा, मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात तर हमखास. भिंतीवर घड्याळ किंवा दिनदर्शिका म्हणून बारा महिने चार्जरला जोडून ठेवलेल्या टॅबलेटची बॅटरी फुगते. तसे वापरायचेच असेल तर चार्जरला टायमरचा प्लग लावा आणि दिवसातून दोन तासच वीज द्या.